उजवं वल्हं

मी वल्हं बोलतंय. जोडीतलं उजवं. लाकडाला कुठं जीव असतो, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे, मला त्याचं काही नाही. मला गप्पांची हौस कधीच नव्हती. पण एका माणसाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तो रोज माझ्यासमोर येऊन बसतो, तीच एक गोष्ट विचारतो, आणि मला काही तोंड फुटत नाही. म्हणून तुमच्याकडे आलंय.

आमचा जन्म सुताराच्या अंगणातला. एकाच ओंडक्यातून आम्ही दोघं निघालो, मी आणि डावं. सुतार भारी बोलका. रंधा मारता मारता गिऱ्हाइकाला सांगत होता, की वल्ही वेगवेगळ्या लाकडांची केली तर एक आधी झिजतं आणि मग होडी भरकटते. गिऱ्हाईक म्हणजे एक मासेमार, दोन पोरांचा बाप. त्यानं आम्हाला हातात घेऊन तोललं, मान डोलावली आणि दोघांना एकाच खांद्यावर टाकून घरी नेलं.

त्या घराची एक पद्धत होती. संध्याकाळी होडी वाळूवर ओढली, की आम्हा दोघांना एकाच दोरीत बांधून होडीतच बाकाखाली ठेवायचं. घरात न्यायचं नाही. बाकीचे लोक चोरीच्या भीतीनं वल्ही घरी नेत, पण हा बाप म्हणायचा, ज्याला निघायचंय त्याला होडी तयार मिळाली पाहिजे. बाप गेला तरी पोरांनी ती पद्धत मोडली नाही.

पोरं आता बाप्ये झाले होते. थोरला उजवीकडे बसायचा, म्हणजे माझ्यावर. धाकटा डावीकडे. थोरल्याची मूठ अशी, की माझा दांडा पिळून पाणी काढेल. धाकट्याचा हात सैल, तोंडात सतत काहीतरी गुणगुणणं. त्यामुळे व्हायचं काय, की माझा ओढा जास्त पडायचा आणि होडी हळूहळू डावीकडे वळायची. मग थोरला खेकसायचा, धाकटा हसायचा, चार हात जोरात मारायचा, पुन्हा गाण्याला लागायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्यांचं काम खोल समुद्रातलं नव्हे. खाडीत आणि खाडीच्या मुखाशी जाळं टाकायचं, किनारा कधी नजरेआड होत नसे. सगळ्यात मोलाचे दिवस म्हणजे पावसानंतरचा उन्हाळा उतरू लागतो ते. ऊन तसंच असतं, पण सकाळी पाण्याला हात लावला की कळतं, काहीतरी बदललंय. वारा समुद्राकडून यायचा तो जमिनीवरून सुटू लागतो. खाडीत वाढलेले बोई मासे गार पाण्यानं बिचकून थव्यानं बाहेर निघतात आणि मुखापाशी, पाण्याखालच्या वाळूच्या पट्ट्याच्या आत, थोडे दिवस घुटमळतात. तेवढेच दिवस. मग थंडी पडते, मासे निघून जातात आणि होड्या वाळूवर पालथ्या घातल्या जातात.

अशाच दिवसांच्या तोंडावर दोघा भावांचं बिनसलं. कारण काय, तर धाकट्यानं जाळं ओढायला उशीर केला, जाळं खडकाला अडकून फाटलं. चूक झाली हे खरं. पण धक्क्यावर चारचौघांत थोरला बोलून गेला, "आमच्या होडीत वल्हवणारा एकच आहे. दुसरं नुसतं ओझं."

धाकटा हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. मला अजून आठवतं, त्यानं डाव्याला इतकं हळू खाली ठेवलं, की आवाजसुद्धा झाला नाही. त्या दिवसापासून दोघांनी अबोला धरला. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन बिऱ्हाडं, आणि दोन्हीकडे मिठाची गुळणी धरल्यासारखी शांतता. दोघांच्या बायका मागच्या दारी कुजबुजून एकमेकींना मीठमिरची द्यायच्या घ्यायच्या, तेवढाच काय तो व्यवहार.

आई दोघांना ओळखून होती. तिनं चार दिवस वाट पाहिली आणि मग डोकं चालवलं. म्हणाली, वेगळं व्हायचंय ना, व्हा. होडीचे काही दोन तुकडे होत नाहीत, पण वल्हं एकेकानं घरी न्यायचं. नांगर थोरल्याकडे, जाळं धाकट्याकडे. तिचा हिशेब साधा होता. एका वल्ह्यानं कुणी जाऊ शकणार नाही. बोई यायची वेळ झाली, की दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं दार वाजवावंच लागेल. आईच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

तर अशी आमची दोरी सुटली. मी थोरल्याच्या घरात आलं. स्वयंपाकघराच्या दारावर दोन खुंट्या ठोकून मला आडवं टांगलं. खारं पाणी सोडून मला कधी काही माहीत नव्हतं, आता फोडणीचा धूर आणि घासलेटचा वास. माझं अंग सुकून तडकू लागलं. भिंतीपलीकडे डावं टांगलेलं होतं. धाकट्यानं गुणगुणणं बंद केलंय, एवढं भिंतीतून कळत होतं.

थोरला दिवसातून दहा वेळा दारात जाऊन पाण्याकडे बघायचा. वारा पालटला. झाडांची पानं पिवळी पडून अंगणात येऊ लागली. मुखापाशी पक्षी घिरट्या घालू लागले, म्हणजे मासा आला. बाकीच्या होड्या भरून येत होत्या. थोरल्याची बायको एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, की तुम्ही थोरले आहात, तुम्ही एक पाऊल टाकलंत तर काही झिजणार नाही. तो जेवला. हात धुतल्यावर त्यानं मला खुंटीवरून काढलं.

किती दिवसांनी त्याचा हात लागला! त्यानं मला तेल पाजलं, तडे बुजवले, पातं फडक्यानं पुसलं आणि दारापाशी उभं केलं. उद्या सकाळी जातो म्हणाला. बायकोचा जीव भांड्यात पडला.

सकाळी उठून त्यानं दाढी केली. भावाकडे जायला कुणी दाढी करतं का? पण त्याला काही सुचत नव्हतं. एक चहा झाला, दुसरा झाला. मग माझ्याकडे बघून, जणू मीच धाकटा आहे असं समजून, पुटपुटला, "चल, मासा आलाय." पसंत पडलं नाही. पुन्हा म्हणाला, "चल रे, उशीर होतोय." माफीचा शब्द त्याच्या तोंडात कधी बसलाच नव्हता, पण या दोन शब्दांत तो सगळा होता. मला कळत होतं, धाकट्यालाही कळलं असतं. मला खांद्यावर टाकून तो शेजारच्या दारात गेला.

धाकट्याच्या बायकोनं दार उघडलं. ती म्हणाली, ते तर मघाशीच गेले. होडीच्या मागच्या फळीला त्यांनी कालच खाच पाडलीय, म्हणत होते एका वल्ह्यानं मागून हाकत नेता येते, जवळच तर जायचंय.

येते खरी तशी नेता. संथ पाण्यात, वारा पडलेला असताना. मुखाशी ओहोटी लागलेली आणि जमिनीवरचा वारा पाठीवर असताना नाही. हे धाकट्याला माहीत नव्हतं असं नाही. पण ओझं हा शब्द त्याच्या मनात घर करून बसला होता.

थोरला धावत सुटला. आम्ही वाळूवर पोचलो तेव्हा होडी मुखापाशी होती. धाकटा मागे उभा राहून डाव्याला जीव खाऊन हलवत होता, होडी मात्र बाहेरच सरकत होती. नांगर आमच्या घरात कोपऱ्यात पडलेला. त्यानं दोरीला दगड बांधून टाकला असावा, कारण होडी मध्येच थबके आणि पुन्हा घसरे. पुढे वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत होत्या. मोटरबोटी पहाटेच खोल पाण्यात गेलेल्या, बाकीच्या होड्या खाडीत पार आतल्या अंगाला. थोरल्याची बायको कुणाला तरी हाक मारायला धक्क्याकडे पळाली.

थोरला छातीइतक्या पाण्यात शिरला. त्याला पोहता येत होतं, पण त्या ओढीत पोहून कुणी पोचत नाही. तो धाकट्याचं नाव घेऊन ओरडत होता, वारा पाठीशी होता तरी लाटांच्या आवाजात ते कुठवर गेलं कुणास ठाऊक. मग त्यानं मला डोक्यावर उचललं आणि सगळी ताकद लावून फेकलं.

ओहोटीनं मला धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाच्या हाताशिवाय चाललं होतं. होडीचा दगड वाळूवर अडे, तेव्हा मी जवळ जाई. दगड सुटे, की होडी पुन्हा लांब. असं किती वेळ चाललं. मग दगड चांगलाच अडकला आणि मी सरळ होडीकडे निघालं. धाकट्यानं मला पाहिलं. डाव्याला खाचेत तसंच बांधून तो कडेवर ओणवा झाला, हात लांब केला. त्याची बोटं माझ्या पात्याला लागली.

तेवढ्यात पट्ट्यावरची लाट आली. दगडानं धरून ठेवलेली होडी वर उठू शकली नाही, ती कलंडली.

आता जे सांगतंय ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. धाकटा पाण्यावर आला तो माझ्या मुठीला धरून. त्यानं मला काखेत घेतलं, तोंडातलं पाणी थुंकलं आणि माझा दांडा चाचपला. आदल्या दिवशीचं तेल त्याच्या हाताला लागलं असणार, बुजवलेले तडे लागले असणार. तो हसला. अगदी पूर्वीसारखा, खेकसणं ऐकून हसायचा तसा. आणि म्हणाला, "आणलंस ना शेवटी, दादा."

एवढंच. मग तो बराच वेळ पाय मारत राहिला. किनारा दिसत होता, पण ओढ सुटत नव्हती. मध्येच गुणगुणला. पाणी त्या दिवसांत वरून कोमट वाटतं, पण पट्ट्याबाहेर ते चांगलंच गार झालेलं असतं. त्याचे पाय आखडले. त्यानं माझ्या मुठीत नखं रोवली. मी तरंगायचं सोडून काय करणार होतं? मी तरंगलं. जेवढं लाकडाला तरंगता येतं तेवढं तरंगलं, आणि ते पुरलं नाही. दुपार कलली तेव्हा त्याचा हात सुटला.

होडी पट्ट्यावर पालथी सापडली. डावं तिच्या खाचेत बांधलेलंच होतं. धाकट्याला समुद्रानं लांबच्या एका किनाऱ्यावर नेऊन ठेवलं, आणि मला पुढच्या भरतीनं आमच्याच वाळूवर आणून टाकलं. थोरल्याला मी सापडलं. त्यामुळे सगळ्यांनी एकच अर्थ लावला, की वल्हं पोचलंच नाही, इकडेतिकडे वाहून परत आलं.

आईनं कुणाला बोल लावला नाही. तिनं फक्त स्वतःच्या हातांनी दोन्ही घरांतल्या खुंट्या उपटून काढल्या. त्यानंतर ती धक्क्याकडे कधी गेली नाही. "दोरी मीच सोडली," असं ती एकदा धाकट्या सुनेपाशी म्हणाली, आणि दोघी बराच वेळ रडल्या.

थोरल्यानं होडी पुन्हा पाण्यात घातली नाही. तो आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो. होडी अंगणात पालथी आहे, तिच्याखाली मी आणि डावं शेजारी शेजारी पडलोय. जुन्या दोरीत त्यानंच आम्हाला पुन्हा बांधलं. डावं माझ्याशी बोलत नाही आणि मीही बोलायला जात नाही. काय बोलणार?

संध्याकाळी तो कामावरून येतो, होडीपाशी उकिडवा बसतो, मला ओढून मांडीवर घेतो. माझ्या मुठीवर ओरखडे आहेत, त्यांवरून अंगठा फिरवतो. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा म्हणाला होता, खडकावर घासलं असेल. लाकूड म्हणून जन्मलं याची मला एवढी चीड कधी आली नव्हती. अरे, नखं आहेत ती. नीट बघ ना. पण तो पुढे जात नाही. तो मला तेच विचारतो, रोज, हळू आवाजात, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून: "त्याला दिसलं होतंस का रे? का शिव्या घालतच गेला मला?"

आता पुन्हा उन्हाळा उतरलाय. वारा जमिनीवरून सुटलाय, होडीच्या फटीतून पिवळी पानं आत येतात. मुखावर पक्षी आलेत. होडीच्या काठाला वाळवी लागलीय, माझ्यापर्यंत यायला तिला फार वेळ लागणार नाही. एकदा मूठ गेली, की ओरखडेही गेले.

म्हणून तुम्हाला विनवतंय. घरात भांडा, हवं तितकं भांडा, पण वल्ह्यांची दोरी सोडू नका. आणि कधी एखाद्या किनाऱ्यावर, बर्फाच्या कारखान्याजवळ, पालथ्या होडीपाशी मांडीवर वल्हं घेऊन बसलेला माणूस दिसला, तर त्याच्याजवळ जा. फार बोलू नका, त्याला बोलणं झेपत नाही. त्याचा अंगठा त्या ओरखड्यांवर धरा आणि सांगा, दिसलं होतं. हातातही आलं होतं. तो हसला होता.