झिपऱ्याची कॅसेट

जाळे सांधता सांधता पत्रूने दातांनी सूत तोडले आणि कॅसेटच्या डबीला हात न लावता तिच्याकडे नुसते पाहिले. डबीवर लांब केसांच्या एका माणसाचा फोटो होता. त्याने मासे धरायचे जाळे डोक्यावरून घेतले होते, नवरीने शालू घ्यावा तसे.

"हाच काय थो झिपऱ्या?"

"हाच, मामाजी," धनराज म्हणाला. "मुंबईत लय नाव आहे आता त्याचं."

"असंन. जाळं पांघरणाऱ्याले दुसरं कोणतं काम जमते?"

धनराज त्याचा जावई. वरोऱ्याला कॅसेटच्या दुकानात कामाला होता. ही कॅसेट तिथेच आली, तसा तो पत्रूच्या लेकीला, रंजीताला घेऊन, दुकानातला टेप पिशवीत घालून, गोंडपिपरीजवळच्या या गावी आला होता. चार वर्षांपूर्वी झिपऱ्या याच घरी येऊन गिरजाबाईचे गाणे भरून घेऊन गेला होता. गिरजाबाई म्हणजे पत्रूची बायको. तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

पत्रूने कोणाला सांगितले नव्हते, पण दिवाळीपासून तिचा आवाज त्याला आठवेनासा झाला होता. ती काय बोलायची ते आठवे. 'तलावाकडून येताना मीठ आणजा' हे शब्द रोज कानात येत, पण त्याच्या स्वतःच्याच आवाजात. तिचा आवाज जगात कुठे उरला असेल तर तो झिपऱ्याजवळ.

"रिमिक्स म्हणजे काय असते?" त्याने विचारले.

"पहिलं गाणं असते ना, तेच तोडून-जोडून नवं करते."

"पहिल्यात काय खराबी होती?"

"खराबी नाई, मामाजी. फॅशन आहे."

"म्हणजे चांगलं जाळं कापाचं, गाठी माराच्या, आन् नवं म्हणून इकाचं."

रंजीता चहा घेऊन आली. "बाबा, पहिले आयका तं खरं."

"मायचं नाव लिहिलं काय तुया त्याच्यावर?"

धनराजने डबीतला कागद उलगडला. त्याला तो आधीच पाठ असावा, कारण तो मोठ्याने वाचायला त्याने फारच वेळ लावला. "मासेमार स्त्री, गडचिरोली जिल्हा."

"जिल्हा बी चुकला," पत्रू म्हणाला आणि हसला. ते हसणे ऐकून रंजीताने कप खाली ठेवला.

टेप सुरू झाला. आधी बेडूक ओरडले. मग कोणी रिकाम्या पिपावर बडवावे तसे बडवणे सुरू झाले, आणि त्यात करकर करत काहीतरी फिरू लागले.

"आपल्या विहिरीची गडगडी," पत्रू म्हणाला. "दोन दिवस तिच्यापाशी बसून होता मशीन धरून. तेल घालतो म्हणलं तं नको म्हणे."

गाणे भरले त्या दिवशी गिरजाबाई सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसली होती. रोवण्याचे गाणे. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोपे लावताना बाया म्हणतात ते. शेवटच्या ओळीत प्रत्येक बाई आपापल्या नवऱ्याचे नाव घालते. बांधीत ते चालते. तिथे वीस बाया एकदम म्हणतात, कोणाचे नाव कोणी घेतले ते कळत नाही. एरवी नवऱ्याचे नाव तोंडातून काढले तर त्याचे आयुष्य कमी होते, असे तिच्या मायने तिला शिकवले होते. ती त्या ओळीपर्यंत येई, पदर तोंडाला लावी आणि थांबे. तीनदा झाले. झिपऱ्या घाम पुसत मशीन मागे फिरवी. शेवटी शेजारची रुखमाबाई म्हणाली होती, "पत्रूभाऊ, तुमी तलावाकडे जा बरं. तुमी समोर बसून राह्यले तं थे नाव कशी घेईन?"

"जातो बा. मले काय झिपऱ्याचं तोंड पाहाचा शौक आहे?" असे म्हणून तो उठला होता.

संध्याकाळी त्याने मुद्दाम विचारले होते, "घेतलं काय मंग?"

"मी काऊन घेऊ? रुखमाबाईनं म्हणलं थे," गिरजाबाई मासे चिरता चिरता म्हणाली होती, आणि तिने मान वर केली नव्हती. एकतीस वर्षांच्या संसारात तिने 'अवो, आयकलं काय' याच्यापुढे त्याला काही म्हटले नव्हते. त्याने तिचे खरे मानले.

पीप बडवणे वाढले. गाणे कुठेच येईना. मध्येच तिचा अर्धा शब्द आला आणि तुटला, मग श्वास, मग खोकला.

"खोकलाबी इकला," पत्रू म्हणाला. "बंद करा, जावईबापू. हिच्यात बाईच नाई."

धनराजने बटणाकडे हात नेला. तेवढ्यात सगळे थांबले. बेडूक नाहीत, पीप नाही, गडगडी नाही.

"पत्रू."

आवाज गिरजाबाईचा होता. थोडा दबका, शेवटी वर चढलेला, हसू दाबून ठेवलेला.

"पत्रू. पत्रू."

रंजीताने धनराजचा हात धरला. झिपऱ्याने गाण्यातले बाकी सारे फेकून दिले होते आणि एवढेच ठेवले होते. त्याच्या तालावर पीप पुन्हा सुरू झाले. नाव येई, जाई, दुरून येई, मग अगदी टेपाच्या तोंडाशी. पत्रूने जाळे मांडीवर ओढले. सुई जाळ्याच्या त्याच छिद्रात दोनदा घातली, काढली, पुन्हा घातली.

"लय घाई करते हा माणूस," तो म्हणाला. "थे इतक्या घाईनं बोलत नोती."



पीप थांबले. नाव एकटेच आले, अंगणापलीकडून हाक मारावी तसे.

"ओ," पत्रू म्हणाला.

मान त्याने वर केली नाही. बाजू संपून टेप खट् करून बंद झाला. अंगणात वाळत घातलेल्या मासोळ्यांवर माशा घोंगावत होत्या.

त्याने सुईत नवीन सूत भरले.

"पलटवा," तो म्हणाला. "दुसऱ्या बाजूले काय वाटोळं केलं थेबी पाहू."