न दुखणारा गुडघा

दिवेलागण झाली की आई तेलाची वाटी घेऊन यायची. वाटी कोमट, हात त्याहून कोमट. ती खुर्ची ओढून बसायची, लेकाचा डावा पाय आपल्या मांडीवर घ्यायची आणि गुडघ्याचा पट्टा असा हळू सोडायची, जणू झोपलेल्या पोराचे बूट काढतेय. मग अंगठ्याने गुडघ्याच्या वाटीभोवती गोल गोल. आणि ओठांतल्या ओठांत तिचं तिलाच सुचलेलं काहीतरी:

"माझ्या लेकराचा पाय, कोण्या वैऱ्यानं मोडिला
त्याच्याविना मैदानानं, हिरवा रंग गं सोडिला."

"आज गाठ विरल्यासारखी वाटतेय बघ," ती म्हणायची. "दुखतंय का रे इथे?"

"थोडं."

"खोटं सांगू नकोस. लहानपणापासून सोसायची खोड आहे तुला."

तो मान खाली घालायचा. खोटं तो सांगतच होता, पण दुसऱ्या टोकाकडून. त्याच्या गुडघ्याला काहीएक झालेलं नव्हतं. गुडघे गेले होते ते आईचे. जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरणारी ही बाई खुर्चीत वाकून एका धडधाकट गुडघ्याची सेवा करत होती, आणि तो गुडघा चोरासारखा गप्प पडून होता.

शहराच्या फुटबॉल क्लबचा तो बचावपटू. नाव काहीही असो, सगळे त्याला अडसर म्हणायचे. गोलच्या तोंडाशी तो उभा राहिला की दाराला आतून अडसर घातल्यासारखं व्हायचं. हे नाव ठेवलं पोपटाने. पोपट त्याच्या शेजारी बचावात खेळायचा आणि खेळता खेळता इतका बोलायचा, की एकदा पंचांनी त्याला नुसत्या बडबडीसाठी पिवळं कार्ड दाखवलं होतं. पुढे पोपटाचे पाय थकले, तोंड थकलं नाही. आता तो चॅनेलवर समालोचन करायचा आणि दोघांच्या पायांनी मिळून कधी कमावलं नव्हतं तेवढं एकट्या जिभेवर कमवायचा.

गुडघ्याचं दुखणं सुरू झालं ते मैदानावर नाही, मॅनेजरच्या खोलीत. खोलीला एका बाजूने काच, काचेखाली मैदान. मॅनेजरने स्वतः कॉफी करून दिली, तेव्हाच अडसराने ओळखलं, काहीतरी मागणं आहे.

"मोर येतोय," मॅनेजर म्हणाला.

मोर म्हणजे लीगमधला सर्वात महागडा फॉरवर्ड. गोल केला की दोन्ही हात पसरून गिरकी घ्यायचा, म्हणून मोर.

"चांगलंय की."

"चांगलं आहेच. चॅनेलवाले म्हणतात, मोर आणलात तर तुमचे सामने शनिवारच्या मुख्य वेळेत. नाहीतर आहातच सोमवारी, झोपाळू लोकांसाठी. पण लीगची पगारमर्यादा तुला ठाऊक आहे. सगळ्यांचे पगार मिळून एका रेषेच्या वर जाता कामा नयेत, आणि आपण त्या रेषेला टाळू लावून उभे आहोत. मोराचा पिसारा ठेवू कुठे?"

"कोणाला तरी विका."

"तुला विकला असता. चौतिशीतला बचावपटू घेतंय कोण?" मॅनेजर हसला. मग खुर्ची पुढे ओढून आवाज उतरवून म्हणाला, "लांबच्या दुखापतीवर असलेल्या खेळाडूचा पगार त्या बेरजेत धरत नाहीत."

त्याला कळायला जरा वेळ लागला.

"पण मला दुखापत कुठेय?"

"चौतीस वर्षांच्या गुडघ्यात शोधलं तर काहीतरी सापडतंच. आपले डॉक्टर शोधतील. पगार पूर्ण मिळेल तुला. नुसतं बसायचं."

"मला बसायचं नाहीये. हे माझं शेवटचं वर्ष आहे."

"म्हणून तर ऐक. हंगामाचा शेवटचा सामना आपल्याच मैदानावर आहे. पगाराचा हिशेब त्याच्या आधी बंद होतो. तोवर तू बरा होशील. पहिल्या मिनिटापासून खेळशील, दंडावर कप्तानाची पट्टी, सगळं मैदान तुझ्यासाठी उभं. आणि आईला आण. पायऱ्यांची भानगडच नको, मैदानाच्या कडेला खुर्ची टाकू तिच्यासाठी. माझा शब्द."

कुठे दाबलं की माणूस हलतो, हे मॅनेजरला बरोबर ठाऊक होतं. आईने त्याला मैदानावर खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. तो उमेदीत होता तेव्हा ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुपारपाळी करायची, आणि सामने दुपारचे असायचे. नोकरी सुटली तोवर गुडघ्यांनी पायऱ्यांशी वैर धरलं. तिने लेक पाहिला तो टीव्हीत, वीतभर उंचीचा. खरा, घामेजलेला, धापा टाकणारा लेक तिला एकदा हातभर अंतरावरून दाखवायचा, एवढीच त्याची आस उरली होती.

"कोणाला बोलायचं नाही हं," मॅनेजर दार उघडत म्हणाला. "आईलासुद्धा नाही. आया बोलतात."

लंगडणं वाटतं तितकं सोपं नसतं. पहिल्याच आठवड्यात तो चुकून उजव्या पायाने लंगडला आणि क्लबच्या डॉक्टरांनी त्याला कोपर मारलं. मग त्याने रीतसर सराव केला. बसायचं कसं, उठायचं कसं, मोटारीत आधी कुठला पाय घालायचा. हळूहळू पाय शिकला, आणि एकदा शिकल्यावर एकटा असतानाही लंगडू लागला.

सामन्यांना त्याला कोट घालून राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवत. कॅमेरा दर सामन्यात एकदा तरी त्याच्या पट्ट्यावर यायचा, आणि पोपट हळहळायचा, "काय हा दैवाचा खेळ! अडसर निघाला आणि दार सताड उघडं पडलं, मंडळी." घरी आई टीव्हीपुढे डोळे पुसायची आणि संध्याकाळी तेल जरा जास्तच ओतायची. पट्ट्याच्या आत न दुखणारा गुडघा शरमेने गरम व्हायचा. "बघ, ऊब धरतोय," आई म्हणायची. "रक्त फिरायला लागलं."

कितीदा जिभेवर आलं होतं, सांगून टाकावं. पण तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीतरी उजळलेलं असायचं. लेक मोठा झाल्यापासून त्याचं काही दुरुस्त करायला तिला कोणी बोलावलंच नव्हतं.

शेवटून दुसरा सामना. बरोबरी झाली असती तरी चषक हातचा जाणार होता. नव्वद मिनिटं संपली, पंचांनी दिलेला वाढीव वेळही संपत आला, आणि कोपऱ्यातून उंच चेंडू आला. मोराने डोकं घातलं. जाळी हलली.

त्याने चालण्याचा सराव केला होता, बसण्याचा, उठण्याचा. आनंदाचा करायचा राहून गेला होता.

तो उडाला. डाव्या पायावर उतरला, त्याच पायाच्या रेट्याने पुन्हा उडाला, जाहिरातीची फळी ओलांडून मैदानाच्या कडेने धावत सुटला आणि मोराच्या अंगावर जाऊन पडला.

"अरे, अडसर बघा, अडसर!" पोपट आनंदाने किंचाळला. "हा माणूस सबंध हंगाम लंगडतोय, आणि आता हरणासारखा! वा रे गुडघ्या! याचा डॉक्टर कोण आहे? मंडळी, मलाही पत्ता द्या!"

पोपटाच्या मनात काही नव्हतं. मनात ठेवायची त्याला सवयच नव्हती, सगळं तोंडात. पण चॅनेलने ती उडी संथ गतीने दाखवली. मग वेगळ्या कोनातून. मग नुसता गुडघा, पडदाभर. आणि हरलेल्या क्लबच्या लोकांनी तो गुडघा डोळे भरून पाहिला आणि रातोरात लीगकडे तक्रार केली.

तो घरी आला तर आई दारातच उभी. कठडा न धरता.

"बरा झालास! मी पाहिलं रे, पाहिलं!" तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिथेच, उंबऱ्यावर, रचून मोकळी झाली:

"उडी मारिली लेकानं, साऱ्या जगानं पाहिली
माझ्या तेलाच्या वाटीनं, त्याची लाज गं राखिली."

"आई, आत चल आधी."

"चॅनेलची मुलगी आली होती. गोड होती हो. म्हणाली, आजी, औषध कोणतं दिलंत? म्हटलं, औषध कसलं, हे हात बघ. म्हटलं, तो तर कधीचाच बरा झालाय, हाताला कळतं मला. फक्त सांगत नव्हता. लाजाळू आहे."

तो तिथेच बूट काढायला बसला आणि कितीतरी वेळ उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच काचेच्या खोलीत क्लबची वकीलबाई होती. मॅनेजर खाली गवत कापणाऱ्या यंत्राकडे पाहत होता, जणू आयुष्यात यंत्र पहिल्यांदाच पाहतोय. वकीलबाईने फोन टेबलावर उभा केला. आई हसत होती, तळवे कॅमेऱ्यापुढे धरून. *तो तर कधीचाच बरा झालाय.*

"आमचं काम सोपं केलं हो तुमच्या आईंनी," वकीलबाई म्हणाली. "दुखापत झाली होती, क्लबने प्रामाणिकपणे कळवली होती. नंतर तुम्ही बरे झालात आणि लपवलंत. घरी बसून पगार घेतलात. लीग तुमच्यावर बंदी घालील, क्लबला थोडासा दंड करील. जिंकलेले गुण राहतील, चषकाची आशाही."

"गुडघ्याला कधी काही झालंच नव्हतं. साहेब, तुम्ही सांगा ना यांना."

मॅनेजर गवताशी बोलल्यासारखा म्हणाला, "मी म्हटलं होतं, आया बोलतात."

"तुम्ही तसंही सांगू शकता," वकीलबाई अगदी मऊ आवाजात म्हणाली. "मग सुनावणी होईल. चॅनेल ती थेट दाखवील, त्यांना तर हवीच आहे. तुमच्या आईंना बोलावतील. आणि तुम्हाला त्यांच्या तोंडावर सांगावं लागेल की ते तेल, ती मालिश, ते सगळं..." तिने वाक्य अर्धंच ठेवलं. चांगल्या वकिलाला कुठे थांबायचं ते कळतं.

खाली यंत्र गवतावर पट्टे ओढत होतं, एक फिका, एक गडद. त्याच पट्ट्यांवर तो पंधरा वर्षं उभा राहिला होता. त्याला आईचे ते तळवे दिसले, साऱ्या जगाला दाखवलेले.

"मी बरा झालो होतो," तो म्हणाला. "लपवलं."

"धन्यवाद," वकीलबाई म्हणाली.

संध्याकाळी पोपटाचा फोन आला. "लेका, माझ्या तोंडाला कोणी टाके का घालत नाही रे? तुझी शपथ, मला वाटलं तू खरंच..." मग घसा साफ करून, "चॅनेल म्हणतंय, तुझ्यावर खास कार्यक्रम करू. मी विचारतो म्हटलं. पैसे बरे देतील." अडसराने फोन बंद करून पालथा घातला.

शेवटचा सामना त्याने घरी पाहिला, आईच्या शेजारी बसून. शनिवार, मुख्य वेळ. स्टेडियम भरून वाहत होतं. सामना सुरू होण्याआधी कॅमेरा मैदानाच्या कडेला गेला. तिथे एक खुर्ची होती, पाठीला गादी लावलेली.

"आणि ही आपल्या मोराची आई!" पोपट म्हणाला. आज त्याचा आवाज जरा बसलेला होता. "क्लबने त्यांच्यासाठी खास बैठक केलीय. लेकाचा खेळ हातभर अंतरावरून!"

आईने टीव्हीचा आवाज कमी केला. वाटी तिच्यापुढे होती, तेल निवत चाललेलं. आज तिने त्याचा पाय मांडीवर घेतला नव्हता.

"माझंच चुकलं," ती म्हणाली.

"तुझं काय चुकलं?"

"हात आवरायला हवा होता. आजच्या सामन्यापर्यंत जरा कमी चोळलं असतं, तर नियमाने बरा झाला असतास. मला मेलीला दम कुठला निघतोय. मी बरं केलं आणि त्यांनी तुला काढलं."

त्याने सगळं सोसलं होतं, मोराच्या आईची खुर्चीसुद्धा. हे सोसवेना.

"आई, गुडघा कधी दुखतच नव्हता."

ती टीव्हीकडेच पाहत राहिली. तिथे बावीस जण आवाजाविना धावत होते.

"पगाराच्या बेरजेत मी मावत नव्हतो. मोराला जागा हवी होती, म्हणून मला जखमी म्हटलं. शेवटी खेळवू म्हणाले. तुला खुर्ची देऊ म्हणाले."

"मग ती गाठ?"

"गाठ नव्हती."

"माझ्या हाताला लागायची रे."

"नव्हती, आई."

तिने तळवे उलटेसुलटे करून पाहिले, शेजारणीचं काहीतरी चुकून आपल्या घरी आल्यासारखे.

"आणि लंगडायचास तो?"

"पायाला शिकवलं होतं."

"मग मलाही शिकवायचंस," ती म्हणाली. "मीही शिकले असते. तेवढी काही बुद्दू नाहीये मी."

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती उठली. तिचे गुडघे कटकन वाजले, दोन्ही, खरे. वाटी घेऊन ती स्वयंपाकघराकडे निघाली. तेल पुन्हा बाटलीत ओतायला, एक थेंब न सांडता, जसं ती कुठलीच गोष्ट वाया जाऊ देत नसे.

तो तिला धरायला म्हणून घाईने उठला आणि तिच्यामागे गेला. डावा पाय आपसूक लंगडला.

आई दारात थांबली. वळून त्याच्या पायाकडे तिने नीट पाहिलं, पायापासून तोंडापर्यंत पाहिलं.

"आता कोणासाठी रे?" ती म्हणाली.