उलटं ढकला

तर झालं असं, की बालवर्गाच्या ताईला हवं होतं फळीखाली ठेवायला काहीतरी. एवढंसंच! वस्तू कशी पळते, कशी थांबते, हे पोरांना दाखवायचं होतं. फळी एका बाजूनं उचलायची, वरून खेळण्यातली गाडी सोडायची, झालं. पण पुस्तकं ठेवली तर घसरतात, डबा ठेवला तर लवंडतो, आणि इकडे चार-पाच वर्षांची पोरं एकमेकांच्या डोक्यावर बसायच्या बेतात.

वर्गाबाहेर ठोकळ्यांची ट्रॉली असायची. लोखंडी, लाकडी ठोकळ्यांनी गच्च भरलेली, ब्रेक कधीचाच गेलेला. उभी कुठे, तर बरोब्बर उताराच्या तोंडाशी! तिथून गुळगुळीत फरशी सरळ खाली लोखंडी फाटकापर्यंत. म्हणून चाकाखाली लाकडाची पाचर. त्या पाचरीला हात लावायचा नाही, हे अख्ख्या शाळेला ठाऊक. ताईलाही ठाऊक. पण तिनं ट्रॉलीचं तोंड भिंतीकडे वळवलं, हलवून बघितली, हलली नाही. "पाच मिनिटांचं तर काम," म्हणाली आणि पाचर काढून फळीखाली सरकवली.

धडा मात्र काय रंगला! गाडी फळीवरून सुसाट. "आता थांबवायची कशी?" ढोलू पुढे आला. वर्गातला सगळ्यात दणकट गडी. त्यानं समोरून तळहात लावला, गाडी गप्प.

"शाब्बास! येणाऱ्या गाडीला उलटं ढकललं की थांबते!"

मग ताईनं दारातलं काथ्याचं जाड पायपुसणं पसरलं. गाडी त्यावर चढली आणि रखडलीच. "गाडी कशावर दमते?"

"पायपुसण्यावर!" पोरं अशी ओरडली, की शेजारच्या वर्गातून भिंतीवर थाप पडली.

मधली सुट्टी झाली. पोरं उतारावरून खाली पळाली. ताई फळी आवरत होती, पाचर हातात, आणि बाहेर घरघर सुरू झाली. चाकांची.

दारात येऊन बघते तर भुंगा ट्रॉलीत! हा भुंगा म्हणजे कधी एका जागी न बसणारा प्राणी. ठोकळ्यांवर चढला होता, त्या धक्क्यानं चाक उताराकडे फिरलं, आणि ट्रॉली निघाली. "भुर्रर्र!" करत होता बेटा. मग वेग वाढला आणि त्याचा आवाजच बंद झाला. दोन्ही मुठींनी कडा धरलेली, डोळे हे एवढे.

ताई धावली. तिनं मागचा दांडा पकडला. पण पायातल्या चपला फरशीवर सटासट घसरायला लागल्या, ट्रॉली तिलाच ओढून नेत होती. तिनं चपला झटकल्या, अनवाणी टाचा रोवल्या. वेग जरासा कमी झाला, पण थांबतेय कुठे!

आणि तिनं खाली बघितलं.

ढोलू उताराच्या मधोमध उभा. दोन्ही हात पुढे. त्याच्या बाजूला आणखी चौघं, तशीच, ओळीनं.

"उलटं ढकला रे!" ढोलू ओरडत होता.

"बाजूला व्हा! ढोलू, बाजूला!"

"मग थांबवणार कोण, ताई?"

नुसतं ओरडून हलणार नव्हती ती पोरं. भुंग्याला सोडून पळणाऱ्यांतली नव्हतीच! आणि तिनंच शिकवलेलं ना, सकाळी, शाब्बास म्हणून! त्यांना काम द्यायला हवं होतं. दुसरं काम.

"गाडी कशावर दमते?" ताई फाटक्या आवाजात किंचाळली.

"पायपुसण्यावर!"

"आणा! टाका आणि भिंतीला चिकटा!"

उतारावर दोन्ही बाजूंना वर्गांची दारं, प्रत्येक दारात पायपुसणं. पोरं सुटली! ओढली, फेकली, एकावर एक, वेडीवाकडी, आणि भिंतीला पाली चिकटाव्यात तशी चिकटली. ढोलू शेवटी. त्याचा शर्ट घासून ट्रॉली गेली. पहिल्या पायपुसण्यावर चढली, दुसरं चाकाखाली गोळा झालं, तिसऱ्यात ती रुतली. ताई दांड्याला लटकलेली. ट्रॉली थांबली!

ट्रॉलीतून बारीक आवाज आला, "ताई, मला शू झाली."

ताईनं त्याला उचलून घट्ट धरलं. ढोलू फुरंगटून उभा. "तुम्हीच म्हणाला होता उलटं ढकला. मग ओरडलात का?"

"मी अर्धंच शिकवलं रे," ताई म्हणाली. "चल, उरलेलं आत्ता शिकू."

ट्रॉली वर नेली, चाकाखाली पाचर परत ठोकली, मगच वर्ग भरला. ताईनं सपाट फरशीवर रिकामं खोकं हळूच ढोलूकडे सरकवलं. त्यानं एका हातानं थांबवलं. मग तेच खोकं ठोकळ्यांनी भरून सरकवलं. ढोलूनं दोन्ही हात लावले आणि पार बुडावर बसला. अख्खा वर्ग हसला. तो नाही हसला.

"परत," तो म्हणाला.

या वेळी फळीवरून. भरलेलं खोकं घसरत आलं, ढोलूनं हात पुढे केले, बघितलं, आणि टुणकन बाजूला उडी मारली.

ताईनं सोडलेला सुस्कारा मागच्या पोरांनाही ऐकू आला. फळीखाली आता तिचीच चप्पल होती.