तुसाची आई

"काल रातीला कितीदा रडली गो तुझी पोर?" चिखलाचं घमेलं डोक्यावर घेता घेता भामानं विचारलं. विचारणं कसलं, सुनावणंच ते.

गोदा खड्ड्यात उतरून माती तुडवत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला. तिनं मान वर केली नाही. "मोजत बसलीस तर झोपशील कधी?"

"झोपू कशी? मधली भिंत काय शिमिटाची हाय? नुसत्या कच्च्या विटा रचल्यात. तुझी पोर तिकडं किंचाळते नि माझा परदीप हिकडं उठून बसतो."

"मंग त्याला निजव."

"आधी तुझीला निजव, मंग मला शिकव."

शिरढोणच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, नदीच्या कुशीला ही वीटभट्टी. पलीकडं नवीन पनवेल उठत होतं. रोज ट्रक भरून विटा जायच्या आणि रोज तिकडं एखादा मजला वर चढायचा. त्या विटा पाडणारी माणसं दिवाळीनंतर डोंगरातल्या वाड्यांवरून उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत जायची. तोवर भट्टीकडेला कच्च्या विटांच्या खोपींची एक ओळ, वर पेंढा. सगळ्या जोड्या. भट्टीवर माणूस एकटा धरत नाहीत. नवरा साच्यात विटा थापणार, बायको माती तुडवून चिखल पुरवणार. त्यातला एक खाली बसला की दुसऱ्याचे हात रिकामे.

आणि काम उजेडाचं नव्हे, अंधाराचं. ऊन चढलं की ओली वीट तडकते, म्हणून सगळी थापाथापी दिवस उगवायच्या आत. अर्ध्या रात्रीच मुकादम काशीराम पत्र्याचा डबा बडवायचा आणि ओळ उठायची. पोरं मागं खोपीत.

पोरं मागं ठेवायची एक रीत होती. ओळीतल्या सगळ्यांत जुन्या गंगाबाईनं ती प्रत्येक नव्या आईला शिकवलेली. भट्टीला भाताचं तूस जळणाला यायचं. त्याचं एक पोतं भरायचं, लांबट, बाईच्या कुशीएवढं. आपलं दिवसभर नेसलेलं लुगडं त्याला गुंडाळायचं, पोराच्या कुशीला लावायचं आणि पदराचं टोक पोराच्या मुठीत द्यायचं. मूल घामाचा वास ओळखतं, मूठ आवळतं आणि झोपून राहतं. आई दुसरं लुगडं नेसून चिखलात.

"माझी सगळी पोरं तुसाच्या आईनं वाढवलीत," गंगाबाई मिरवायची. त्यातली किती वाढली, ते ती सांगत नसे.

गोदाची सोनम चौथ्यात होती. दिवाळी ते संक्रांत ती पोत्याला मिठी मारून गुमान झोपली. मग एकदा कधीतरी पोत्याची शिवण उसवली असावी. सकाळी गोदा परतली तर पोर तुसात बसलेली, केसांत तूस, तोंडात तूस, आणि डोळे कोरडे. ती तेव्हा रडली नव्हती. गोदाला उलट कौतुक वाटलं.

रडणं सुरू झालं त्यानंतर. आणि नवल असं, की आई शेजारी असतानाच. डबा वाजायला अवकाश असायचा, गोदा कुशीत असायची, आणि पोर दचकून उठायची. आईचं तोंड चाचपायची, नाकात बोटं घालायची, ओठ ओढायची, आणि मग भोंगा. "मी हाय ना गो हितं," गोदा म्हणायची. पोर गप्प व्हायची, पुन्हा डोळा लागायचा, पुन्हा उठायची.

आई जवळ असताना पोर रडतं म्हटल्यावर सगळ्या ओळीला तोंड फुटलं. गंगाबाई म्हणाली दाढा येतायत, कारण तिच्याकडं दाढांची मुळी होती. नाक्यावरचा दुकानदार म्हणाला पोटात वात धरलाय, आणि फळीवरची बाटली पुढं सरकवली. भगवान भगत संध्याकाळी विडी ओढत आला, खोपीच्या दारात बसला आणि बराच वेळ खोपींमागच्या चिंचेच्या झाडाकडं बघत राहिला.

"त्या झाडाखाली कोण हाय म्हायत हाय तुला?"

"कोण?" गोदानं विचारलं.

"नाव घेत नाय मी रातचं. बाळंतपणात गेलेली हाय. तिला पोर पायजे. काळा कोंबडा लागंल."

"पांढरा चालंल?" गोदाचा नवरा जैतू म्हणाला. "आमच्याकडं पांढराच हाय."

भगवाननं विचार केला. "चालंल. वर काळा दोरा बांधू."

ज्याच्या झोळीत जे होतं, तेच त्याला पोरीच्या पोटात सापडत होतं. कोंबडा गेला. भगवानच्या खोपीतून रश्श्याचा वास आला. पोर त्या रात्रीही रडली, उलट थोडी जास्त, कारण तो कोंबडा तिचा लाडका होता.

काशीरामचं निदान सगळ्यांत सरळ होतं. झोप मोडल्यानं शेजारच्या जोड्या पेंगत होत्या, विटा वाकड्या निघत होत्या, आणि शेठ त्याला बोलत होता. तो जैतूला बाजूला घेऊन म्हणाला, "बोट बुडव नि चाटव. मोहाचीच दारू हाय, औषधी. माझ्या पोरांना आमी दिलीच की."

"गोदा नाय देऊ देणार."

"घरात थापी कोण धरतं, तू का ती?"

गोदानं हे ऐकलं. गेल्या हंगामात ओळीच्या टोकाला एक पोर असंच चाटवून निजवलं होतं. सकाळी ते उठलंच नाही. लोकांनी म्हटलं, ताप होता. गोदानं त्या पोराचं अंग स्वतः पुसलं होतं आणि तिच्या नाकाला जे कळलं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीचं रडणं का, हे तिला आता काशीरामची बाटली पोरीपर्यंत पोचायच्या आत शोधायचं होतं.

बाजाराच्या दिवशी भट्टी बंद. गोदानं सोनमला काखेला मारलं आणि चालत पनवेल गाठलं. पेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर जेवायला गेले होते. नर्स हदासाबाई होत्या. पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली, ज्यू घरातल्या. धाकटा भाऊ झकेरिया कधीचाच तिकडं इस्रायल देशाला जाऊन राहिला होता, बाई मात्र इथंच इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या. त्यांनी पोरीला टेबलावर घेतलं. कानामागं दाबून बघितलं, पोट चाचपलं, तोंड उघडायला लावलं.

"कान दुखत नाही. दाढा येऊन गेल्यात. रात्री खालून खाजवते का? जंत असले की रात्रीच वळवळतात."

"नाय बाय. खाजवत नाय."

"मग स्वप्नात रडते की जागी होऊन?"

"जागी होऊन. माझं तोंड चाचपते. मी हाय ह्ये बघते नि मंगच रडते. म्हणून तर लोक म्हणतात, बाहेरचं हाय."

हदासाबाईंनी पोरीला शर्ट चढवला. "तू रात्री असतेस ना तिच्याजवळ?"

"असते."

"रात्रभर?"

"डबा वाजंपर्यंत. मंग लुगडं असतं."

"लुगडं असतं म्हणजे?"

गोदानं सांगितलं. तूस कसं भरायचं, पोतं केवढं, पदराचं टोक कुठल्या मुठीत द्यायचं. सांगताना तिला थोडा अभिमानही वाटला, कारण तिचं पोतं ओळीत सगळ्यांत चांगलं शिवलेलं होतं. हदासाबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंधारात तिनं ओळखायचं कसं? तू कुठली आणि पोतं कुठलं?"

"वासावरनं. पोराला आईचा वास..."

"वास तर दोघींचा एकच."

गोदानं पोरीला टेबलावरून उचलून कडेवर घेतलं.

"ती रडली की तू काय करतेस?"

"मी हाय हितं, असं म्हणते."

"पोतं म्हणतं का तसं?" हदासाबाई हात धुवायला वळल्या. "तेवढंच ऐकायचं असतं तिला. रडून बघते ती. बोललं तर आई, नाही बोललं तर तूस."

"मंग औषध?"

"याला कसलं औषध देऊ मी? ते पोतं जाळून टाक. जाशील तेव्हा तिला उठवून, सांगून जा. नाहीतर सोबत ने."

बाई बोलल्या ते खरं होतं, हे गोदाला पायऱ्या उतरतानाच पटलं. खऱ्याचा उपयोग काय, हे मात्र भट्टीवर पोचल्यावर कळलं. हदासाबाईंनी सांगितलंय, पोरीला कामावर आणू का, असं विचारायला ती काशीरामकडं गेली. तो हसला.

"पटांगणात ओल्या विटा मांडलेल्या असतात. पोरीचा एक पाय पडला की वीट गेली. ती काय हदासाबाय भरून देणार?"

"खड्ड्याच्या कडेला बसवते."

"नि खड्ड्यात पडली म्हंजे? नाय. भट्टी हाय ही, बालवाडी नाय."

संध्याकाळी गोदानं पोतं चुलीत घातलं. तूस भुरभुर जळलं. जैतू बघत होता, बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. ती नदीवर भांडी घासायला गेली तेवढ्यात त्यानं काशीरामनं दिलेली बाटली काढली आणि पोरीला बोट चाटवलं. बोट एकदा बुडवलं की दोनदा, ते त्यालाही नंतर सांगता येईना. तो वाईट माणूस नव्हता. त्याला झोप हवी होती, आणि मुकादम रोज सगळ्यांच्या देखत त्याला बायल्या म्हणत होता.

त्या रात्री पोर रडली नाही. गोदाही दमून मेल्यासारखी झोपली. डबा वाजला तेव्हा तिनं हदासाबाईंनी सांगितलं तसं पोरीला हलवलं. "सोनम, उठ गो. मी जाते हाय." पोरीची मान मागं पडली. पुन्हा हलवलं. हात वर केला तर खाली पडला. गोदानं तोंडाशी नाक नेलं आणि तिला गेल्या हंगामातला तोच वास आला.

ती ओरडली नाही. तिनं पोरीला उचललं, खोपीबाहेर आणलं आणि पिंपातलं गार पाणी तिच्या तोंडावर मारायला लागली. जैतू दारात उभा राहून म्हणत होता, "थोडीच दिली होती गो, थोडीच." ओळ जमली. भगवान बडबडला, गंगाबाईनं पाय चोळले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पोरीला उबळ आली, ती ओकली, आणि घोगरं, चिरकं रडली. भामासुद्धा म्हणाली, "रडली बाय, रडली."

गोदानं पोरीला तसंच ओलं कडेवर घेतलं आणि चालत खड्ड्यावर गेली. रेतीच्या ढिगावर तिला ठेवलं, वर स्वतःचं दुसरं लुगडं पांघरलं. काशीराम कंदील घेऊन आला.

"मी काय सांगलं होतं?"

"हितंच ठेवीन. नायतर दुसरी जोडी बघ."

काशीरामनं कंदील वर धरून तिचं तोंड बघितलं. ऐन हंगामात, नवीन पनवेलचे ट्रक रांगेत उभे असताना, दुसरी जोडी मिळणार नव्हती. हे त्याला ठाऊक होतं आणि गोदालाही आत्ताच कळलं होतं. "एक वीट मोडली तरी बघ मग," तो म्हणाला आणि गेला.

वीट मोडली नाही. पोर रेतीवर झोपायची, मधेच डोळे उघडायची, कंदिलाच्या उजेडात आई चिखल तुडवताना दिसायची, आणि परत मिटायची. हळूहळू खोपीतलं रडणंही थांबलं. आता जाताना आई तिला घेऊनच जाणार हे तिला पुरतं कळलं होतं. ओळीला झोप मिळाली. भगवाननं सांगितलं, कोंबडा उशिरा लागू पडला. गंगाबाईनं सांगितलं, मुळीचा गुण. गोदानं कुणाला खोडलं नाही. जैतूशी ती बोलायला लागली, पण त्याच्या हातचं पाणी पोरीला पिऊ देत नव्हती.

उजाडलं की पोर जागी व्हायची आणि तिला करमायचं नाही. आदल्या दिवशीच्या विटा पटांगणात आडव्या सुकत पडलेल्या असत. त्या बायका एकेक करून कडेवर उभ्या करायच्या, म्हणजे दुसरी बाजू सुकते. सोनमनं आईचं बघून एक वीट दोन्ही हातांनी धरली आणि उभी केली. गोदा हसली. कितीतरी दिवसांनी हसली. पोरीनं दुसरी केली. पाय इतका हलका, की विटांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत तिचा कधी धक्का लागायचा नाही. मोठ्या माणसाचा लागायचा. थोड्याच दिवसांत ती एक अख्खी रांग उभी करायला लागली आणि गोदाला तेवढा वेळ चिखलाला जास्त मिळायला लागला. जैतूच्या विटा वाढल्या.

शेठ स्कूटरवरून आला तो नेमका सकाळचा. स्कूटर लावून तो रांगेपाशी उभा राहिला. पोर त्याच्याकडं न बघता विटा उभ्या करत चालली होती, जिभेचं टोक बाहेर काढून.

"कोणाची रे ही?"

"जैतूची," काशीराम म्हणाला. आता काय बोलणी बसतात म्हणून तो जरा मागंच होता.

"एकसुद्धा मोडली नाय हिनं. तुमच्या बायका चार मोडतात." शेठनं खिशातून गोळी काढून पोरीला दिली. "नि बाकीची पोरं कुठं असतात?"

"खोपीत. निजलेली."

"निजलेली," शेठ म्हणाला. "हिला जमतं नि त्यांना जमत नाय? आणि पोरं आईजवळच असावीत, काशीराम. मला पण पोरं हायत."

दुसऱ्या रात्रीपासून डबा वाजला की काशीराम प्रत्येक खोपीच्या दारात जाऊन सांगायला लागला, पोरं पण आणा, शेठनं सांगलंय. अंधारात ओळीनं पोरं निघाली, डोळे चोळत, कुणी आईच्या पदराला धरून, कुणी रडत. उजाडल्यावर पटांगणात सगळीकडं लहान लहान पाठी वाकलेल्या दिसायला लागल्या. परदीपनं पहिल्याच सकाळी विटेवर वीट पाडली, मधे सापडून त्याच्या बोटाचं नख काळंनिळं झालं आणि काशीरामनं वर त्याच्या पाठीत थापी घातली.

भामा त्याचं बोट चिंधीनं बांधून खड्ड्यावर आली. गोदा चिखलात होती. भामानं घमेलं खाली ठेवलं. 

"तुझी पोर रडत होती तेच बरं होतं गो," ती म्हणाली.

गोदानं वाकून चिखल घमेल्यात भरला. घमेलं उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं, आणि परत तुडवायला लागली.