अधिकाचं वाण

पंच्याऐंशी साली श्रावण दोन आले. पहिला अधिक. पंचांग मिटून आनंदीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "दत्तात्रेयांना वाणाला बोलवू या."

हरिहरपंतांचा अडकित्ता सुपारीवरच थांबला. "मैना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं दुसरं लग्न झालं. आता ते आपले जावई कुठे राहिले?"

"मग कोणाचे?"

"आणि वाण जोडीला द्यायचं असतं."

"जोडीनंच बोलावणार आहे."

पंत उठून पडवीत गेले. पण दुसऱ्या दिवशी देवरूखच्या बाजारातून गूळ आणि खसखस तेच घेऊन आले.

पाऊस लागून राहिला होता. भिजवलेले तांदूळ आनंदीबाईंनी घरातच पंचावर पसरले, तरी हवी तशी ओल गेली नाही. ठरल्या दिवशी रत्नागिरीची एसटी उशिरा आली. दत्तात्रेय दारात छत्री झटकत उभे राहिले. त्यांच्या मागे पदर सावरत त्यांची बायको, पद्मजा. ती वाकून नमस्कार करून उठली, पण बसायचं कुठे, हे तिला कळेना. भिंतीवर मैनेचा फोटो होता. तिनं तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आनंदीबाई चुलीपाशी परतल्या. पहिला अनारसा तुपात सोडला, तो हसला. पार विरघळून त्याचा भुगा तुपावर पसरला. दुसराही हसला. तिसरा सोडायला त्यांचा हात धजेना. वाणाला तेहतीस हवे होते. मैना असती तर तिच्यावर ओरडून तरी मोकळं होता आलं असतं, असं वाटून त्यांचे डोळे भरले.

"पीठ सैल झालंय का?" पद्मजा दाराशी आली होती. "थोडी कोरडी पिठी मिसळून बघू या?"

"बघ बाई."

पद्मजा पाटावर बसली. पिठी घालून तिनं गोळा मळला, खसखशीवर एक अनारसा थापून अलगद तुपात सोडला. जाळी धरली. मग ती थापत राहिली आणि आनंदीबाई तळत राहिल्या.

बऱ्याच वेळानं पद्मजानं हळूच विचारलं, "मैनाताईंना अनारसे जमायचे? घरी त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही. विचारायचं तरी कसं?"

आनंदीबाईंचा झारा कढईवर थबकला. "तिला? अगो, तिचा एक धड होईल तर शपथ! आणि हसलेले सगळे तीच खायची. चुलीपाशी बसून, गरम गरम."

बोलता बोलता त्यांना हसू फुटलं. मग त्या मैनेबद्दल सांगतच राहिल्या. तिची चिडचिड, तिचे लांब केस, लग्नात तिनं हरवलेली जोडवी. दोन वर्षांत घरात एवढं कोणी बोललं नव्हतं. माजघरात दत्तात्रेय आणि पंत ऐकत होते.

जेवणाआधी दोघांना पाटावर बसवून आनंदीबाईंनी वाण दिलं. पद्मजाची ओटी भरताना त्या एवढंच म्हणाल्या, "मला आई म्हटलंस तरी चालेल हो."

पद्मजानं मान डोलावली.

संध्याकाळी पंत छत्री घेऊन त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेले. वाटभर पाऊस आणि शेतातल्या पाण्याबद्दलच बोलणं झालं. गाडी आली तेव्हा त्यांनी वाणाची पिशवी पद्मजाच्या हातात दिली आणि म्हणाले, "गणपतीला या. राहायलाच या."