कडुनिंबावरची गुळवेल

मित्रांनो, इंझोरीच्या शिवारात, मारोतरावांच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, कडुनिंबाला बिलगून वाढलेली मी एक जुनी गुळवेल आहे. माझी पानं विड्याच्या पानासारखी, खोड दोरखंडासारखं आणि चव कडू.

गावात मला खरं ओळखणारी बाई एकच, बेबीबाई. कुणाची तापानंतरची कणकण जाईना, जेवण गोड लागेना, की ती यायची. बोटभर तुकडा कापायची, ठेचून पाण्यात भिजवायची आणि गाळून द्यायची. तेही चार-पाच दिवसच. "औषध हाये ते, चहा नाही," असं ती बजावायची. तिनं नेलं त्याच्या दुप्पट मी वाढायचे.

मग ती मोठी साथ आली. मोबाइलवर कुणीतरी माझे गुण गायले आणि पार कामरगावाहून माणसं पोती घेऊन आली. मला ओरबाडलं, ओढलं. काहींनी तर माझी समजून शेजारची भलतीच वेल नेली. मी चडफडत राहिले. वेलीला ओरडता येत नाही ना!

साथ ओसरली, तरी मारोतराव थांबले नाहीत. दोन्ही वेळा माझा तांब्याभर काढा प्यायचे.

"किती दिवस पिऊन राह्यले?" बेबीबाईनं धुऱ्यावरच विचारलं.

"वर्ष झालं. झाडपाल्यानं काय होते?"

"काही होत नसतं, तं गुण बी आला नसता. डॉक्टरले इचारा."

त्यांनी ऐकलं नाही. दोन महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले. वाशिमच्या दवाखान्यात तीन आठवडे काढावे लागले. काढ्यानंच झालं का, हे डॉक्टरांनाही ठाम सांगता येईना. पण काढा बंद करा, असं त्यांनी निक्षून सांगितलं.

मारोतरावांचा मुलगा धनराज कुऱ्हाड घेऊनच आला. "हिनंच माह्या बापाले मारलं असतं."

"हिनं का त्याइले हात धरून पाजलं?" त्याच्या मागोमाग आलेली बेबीबाई म्हणाली. "काहून तोडतं तिले?"

धनराजनं मला बुडापासून तोडलं. मी वरच लटकत राहिले. जखमेपेक्षा चीडच जास्त होती. कौतुक झालं तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि शिक्षा झाली तेव्हाही नाही.

पण आमची जात चिवट. लटकल्या खोडातून मी एक बारीक मूळ खाली सोडलं. महिन्याभरानं ते काळ्या मातीला टेकलं. परवा धनराज विळा घेऊन आला, तेव्हा सोबत काठी टेकत मारोतराव होते. त्यांनी ते मूळ पाहिलं. "राहू दे," ते म्हणाले. "चूक माही होती." मग खाली बसून त्यांनी मुळाभोवती चार दगड रचले.

मित्रांनो, मला देवी करू नका आणि विषही म्हणू नका. खरं सांगते, माझा राग अजून गेलेला नाही. उद्या कुणी पोतं घेऊन माझ्याकडे निघालं, तर त्याला आधी बेबीबाईच्या दारी पाठवा.