ट्रंकेवरचा हुंकार

रनाळ्यात भाईदासअण्णांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णांचं वर्षश्राद्ध होतं. गेलेल्याच्या आवडत्या वस्तू एका जागी मांडून पुजायच्या, ही घरची रीत. म्हणून शोभाबाईंनी नवऱ्याचा रेकॉर्ड प्लेअर आणि त्याचा स्पीकर, दोन्ही त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर मांडले होते. आत्मा तबकडीत उतरणार, अशी दवंडी नवनीत महाराजाने आधीच पिटली होती.

"सूनबाई, आवाज वाढाव!" महाराजाने फर्मावलं.

रुपाने बटण फिरवलं. तबकडीवर लागलेल्या भजनाच्या आतून 'घूंऽऽ' असा हुंकार उठला आणि चढतच गेला. ट्रंकेवरची फुलं थरथरली. बायका किंचाळल्या.

"दखा!" महाराज गरजला. "सूनना हात लागना न अण्णा गुरगुरना! डाकीण शे ती! अण्णाले तिनीच खाई टाकं! आजच घरबाहेर काढा तिले!"

अण्णा हृदयविकाराने गेले, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकलेले लोकही माना डोलवू लागले. रुपाचा नवरा योगेंद्र खाली बघत उभा. रुपाच्या अंगाचा तिळपापड झाला. एकदा डाकीण ठरलं की बाईला गावात जगू देत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढे होऊन तिने ट्रंकेवर हात ठेवला. तळव्याखाली पत्रा कापत होता. अण्णा असताना स्पीकर भिंतीतल्या कोनाड्यात असायचा, आणि तेव्हा कधीच काही गुरगुरलं नव्हतं!

तिने स्पीकर उचलून कोनाड्यात ठेवला आणि बटण पार टोकाला नेलं. भजन दणाणलं. हुंकार नाही.

"आत्मा पळी गया!" महाराज ओरडला.

"मंग बलावू परत." रुपाने आवाज उतरवून स्पीकर पुन्हा ट्रंकेवर ठेवला. "आते तुम्हीन फिरावा बटण."

"माले सोवळं शे..."

"फिरावा, महाराज," शोभाबाई म्हणाल्या.

लोकांच्या नजरा वळल्या. महाराजाने कसंबसं बटण फिरवलं. घूंऽऽ!

"मंग तुम्हीन बी डाकीण का?" रुपाने विचारलं.

ती लोकांकडे वळली. "स्पीकर थरथरला की पत्रा थरथरस. ती थरथर तबकडीवरनी सुईमा जास, सुई ती परत स्पीकरले देस. आवाज जितका मोठा, तितका हुंकार मोठा. इतलंच शे."

महाराज चपला शोधू लागला. त्याला जाऊ देऊ नका. बाईला डाकीण ठरवणं गुन्हा आहे, पोलिसांना बोलवा. आणि माना डोलवणाऱ्यांनो, एका बाईचं आयुष्य मोडायला निघण्याआधी निदान आवाज कुठून येतो तेवढं तरी बघा.